फक्त शेतीसाठी

अंबादास हेर्लेकरांनी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी दोन सवयी सुटल्या नाहीत: साडेतीनचा चहा आणि फाइल. गॅसची शेगडी दुरुस्तीला द्यायची असली तरी ते आधी फाइल उघडतात. मिक्सरची फाइल आहे. खालच्या मजल्यावरच्या जोतीरामनं नेलेल्या शिडीचीही आहे. ती 'प्रलंबित' कप्प्यात असते, कारण शिडी अजून जोतीरामकडेच आहे.

फेब्रुवारीत घडलेल्या प्रकाराचीही अर्थातच आहे. खाकी पुठ्ठा, हिरवी दोरी, वर वळणदार अक्षर : 'विषय : मोटारीच्या पाठीमागे लोखंडी चौकट बसविणेबाबत.' आतली पानं क्रमानं लावलेली आहेत. फक्त पान एक नाही. हेर्लेकरांच्या फाइलीतून पान जाणं म्हणजे धरणातून भिंत जाण्यासारखं आहे, पण नाही ते नाही. तेव्हा आपण पान दोनपासून सुरू करू.

पान २

हे पत्र आहे. यशराज नावाच्या मुलानं परदेशातून लिहिलेलं. मुलगा म्हणजे आता पस्तिशीचा असेल, पण भैरवीबाईंच्या लेखी तो अजून नववी ब, शेवटून दुसरा बाक.

भैरवी म्हणजे अंबादासरावांची बायको. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून जानेवारीअखेर निवृत्त झाली. पत्रात लिहिलं होतं, 'बाई, तुम्ही फळ्यावर निळ्या खडूनं बाण काढून खारे वारे शिकवलेत, आणि पिवळ्या खडूनं मतलई वारे. मी इथं दर रविवारी त्या निळ्या बाणावर बसून फिरतो. आता तुम्हीही बसा.'

पत्राबरोबर खोकं आलं, खोक्यात गाडी होती. तीन जाडजूड चाकं, मध्ये झोळीसारखी कापडी बैठक, पुढं पाय ठेवायला आडवा दांडा. इंजिन नाही, पेडल नाही, ब्रेक शोधला तर तोही नाही. गाडीतून समोर भला मोठा कापडी पतंग उडवायचा, दोऱ्या हातात धरायच्या, पायानं पुढचं चाक वळवायचं, बाकी सगळं वारा बघून घेतो. फक्त लांबलचक ओली वाळू हवी. म्हणजे समुद्र हवा.

आणि इथंच दुखणं होतं. जन्मभर समुद्रावरचे वारे शिकवलेल्या भैरवीनं समुद्र दोनदा बघितला होता. दोन्ही वेळा शाळेच्या सहलीत, आणि दोन्ही वेळा समुद्राकडं पाठ करून. तिला पोरांची डोकी मोजायची होती.

तिचं लग्न आणि तिची नोकरी एकाच जूनमधली. तेव्हा अंबादासरावांनी 'दिवाळीत समुद्रावर जाऊ' असं कबूल केलं होतं. त्या दिवाळीत कालव्याचं काम निघालं. पुढच्या वर्षी सासूबाईंचा मोतीबिंदू. त्याच्या पुढच्या वर्षी काय निघालं ते आता दोघांनाही आठवत नाही. मग तिनं विचारणं सोडलं. आणि कुणी अर्जच केला नाही तर फाइल उघडत नाही, हा नियम तर सगळ्यांना ठाऊक आहे.

आता तिनं पार्किंगमध्ये त्या तीनचाकीच्या बैठकीवर हात फिरवला आणि विचारलं, "अहो, एका रविवारी नेता का मला?"

"नेतो," अंबादासराव म्हणाले. फाइल उघडली.

पान ३

चौदा वर्षांच्या छोट्या मोटारीत ती गाडी मावेना. चाकं काढली तरी सांगाडा दारात अडला. डोक्यावर बांधावी तर टप गंजलेला. जोतीराम सल्ला द्यायला आधीच उभा होता. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून तो सोसायटीत कुणाच्याही अडचणीशेजारी उभा असतो, बहुधा हेर्लेकरांच्या शिडीवर.

"खिडकीतनं एक चाक भाईर ठिवा," जोतीराम म्हणाला.

"आणि पोलिसानं धरलं तर?"

"मग त्येला सांगा, स्टेपनी हाय म्हणून."

यशराजच्या पत्रात फोटो होता. तिकडं लोक मोटारीच्या मागं हुक बसवतात, हुकात लोखंडी चौकट अडकवतात, चौकटीवर गाडी. सोपं काम. चोवीस किलोचं तर ओझं. अंबादासरावांनी फोटोवर 'मान्य' असा शेरा मारून सही केली.

मग जोतीरामनं तो प्रश्न विचारला. सगळा घोटाळा ह्या प्रश्नातून निघाला, म्हणून तो जसाच्या तसा देतो.

"पण सायेब, ह्यात बसणार कोण?"

भैरवी वर गेली होती. अंबादासरावांनी तोंड उघडलं. अठ्ठावन्न वर्षांची, चष्मा लावणारी, गुडघ्याला पट्टा बांधणारी आपली बायको पतंगाला बांधलेल्या झोळीत बसून समुद्रकिनाऱ्यावर हिंडणार, हे वाक्य जिभेवर आलंच होतं. पण जोतीरामच्या मिशीखाली हसू दबा धरून बसलेलं त्यांना दिसलं.

"तसं कोणी नाही," ते म्हणाले. "शोभेची वस्तू आहे."

पान ४

परिवहन कार्यालयाच्या खिडकीत बसलेल्या बाईंनी हा मनुष्य आयुष्यात प्रथमच बघितला. म्हणजे ह्या जातीचा मनुष्य. गाडीत फेरफार करून पकडलेले लोक त्यांना ठाऊक होते. करण्याआधी विचारायला आलेला कोणी ठाऊक नव्हता.

"फॉर्म द्या," अंबादासराव म्हणाले.

"कसला फॉर्म, काका?"

"मागे चौकट बसवण्याच्या परवानगीचा."

"असा फॉर्म नाही. कुणी मागतच नाही." बाई भल्या होत्या. "नंबर दिसला पाहिजे, मागचे दिवे दिसले पाहिजेत, रस्त्यावर कुणाला लागता कामा नये. एवढं बघा. जावा निवांत."

पण फॉर्म नाही म्हणजे काय? अंबादासराव घरी आले आणि त्यांनी स्वतःच फॉर्म तयार केला. पट्टीनं रेघा मारून अकरा रकाने. अर्जदाराचं नाव, वाहनाचा प्रकार, ओझ्याचं वजन. सातवा रकाना होता 'प्रयोजन'. तो भरायच्या वेळी पेन थोडा वेळ हवेतच राहिला.

हा फॉर्म म्हणजेच पान एक. पण ते नाही म्हणून सांगितलंच आहे.

पान ५

आकारामचं वेल्डिंगचं दुकान शिरोली एमआयडीसीच्या मागच्या अंगाला. आकाराम उसाच्या ट्रॉल्या करतो. ट्रॉली, ट्रॉलीचा हुक, हुकाची पिन. त्यानं केलेला हुक तुटल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही. ट्रॅक्टर तुटतात.

अंबादासराव गेले तेव्हा दुकानात हंगामाची गर्दी होती. चार ट्रॉलीवाले उलट्या घमेल्यांवर बसले होते. आकारामनं काळा चष्मा कपाळावर सरकवला.

"बोला पावणं. काय न्ह्यायचं हाय?"

चार घमेल्यांवरची चार तोंडं वळली. अंबादासरावांच्या खिशात यशराजनं पाठवलेला तोच फोटो होता. त्यात मोटारीच्या बाजूला एक सोनेरी केसांचा इसम पाय पसरून गाडीत बसला होता आणि खिदळत होता. त्याच्या जागी भैरवी, अशी कल्पना त्यांनी केली. मग ही चार तोंडं ती कल्पना करताहेत, अशी कल्पना केली. फोटो खिशातच राहिला.

"शेतीचं अवजार आहे," ते म्हणाले.

"कसलं?"

"छोटंसंच. पण आपलं... जरा दणकट करा."

कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर 'जरा गोड करा' म्हणावं, खानावळीत 'जरा झणझणीत' म्हणावं, त्याचे परिणाम दुसऱ्या दिवशीपर्यंत निस्तरतात. पण ट्रॉली करणाऱ्याला 'जरा दणकट' कधी म्हणू नये. आकारामच्या चेहऱ्यावर कुणीतरी देवाचं नाव घेतल्यासारखा भाव आला.

"सायेब," तो हळू म्हणाला, "काळजीच करू नगासा."

पान ६

शनिवारी चौकट लागली. सहा इंची चॅनेल, मधे दुहेरी पट्ट्या, कोपऱ्यांना त्रिकोणी आधार. काट्यावर वजन भरलं ब्याऐंशी किलो. त्यावर चोवीस किलोची गाडी ठेवली तेव्हा मोटार मागं बसली आणि तिचं नाक वर झालं. कुणीतरी भर मांडवात अपमान केल्यावर मानी पाहुणा मान वर करून बघतो तशी ती समोरच्या इमारतीच्या गच्चीकडं बघायला लागली.

"मी वीस टन धरलं हुतं," आकाराम म्हणाला. "तुमच्या अवजाराला लई झालं का?"

"नाही, नाही," अंबादासराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

शिवाय आकारामच्या पेंटरनं आपलं काम चोख केलं होतं. नंबर दिसेल, दिवे दिसतील, अशी जागा सोडून मागच्या पट्टीवर पिवळ्या ऑइलपेंटनं वर 'चांगभलं' आणि खाली वीतभर अक्षरांत 'फक्त शेतीसाठी'.

भैरवी खाली आली. तिनं चौकट बघितली. मग पोरांकडून धडा वाचून घ्यावा तसं एकेक शब्द थांबून वाचलं.

"फक्त. शेतीसाठी."

"पेंटरची सवय," अंबादासराव म्हणाले. "सगळ्या ट्रॉल्यांवर तेच लिहितो."

वही घरी विसरली म्हणणाऱ्या मुलाकडं एकतीस वर्षं ती ज्या नजरेनं बघत आली होती, त्याच नजरेनं तिनं नवऱ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाली.

मोटारीचं नाक खाली आणायचा उपाय जोतीरामकडं होता. त्याच्या मेव्हण्याचं गुऱ्हाळ आहे. संध्याकाळी तो गुळाचे दहा-दहा किलोचे चार रवे घेऊन आला आणि पुढच्या सीटसमोर, पाय ठेवतात तिथं, मांडून गेला.

"वैनींनी पाय वर ठिवून बसायचं. ऐटीत! आन् शोभेची वस्तू कुठं ठिवणार म्हणालासा?"

"कोकणात," अंबादासराव म्हणाले, आणि चौकटीवरच्या गाडीवर निळी ताडपत्री घालून ती चारी बाजूंनी आवळून बांधली.

"ही कशाला?" भैरवीनं विचारलं.

"धूळ."

"बरं," ती म्हणाली. हे दुसरं बरं.

पान ७

रविवारी पहाटे निघाले. फुलेवाडी सुटली आणि गगनबावड्याचा रस्ता लागला. हंगामाचे दिवस, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. भैरवी गुळावर पाय ठेवून मांडीवर नकाशाचं पुस्तक घेऊन बसली होती. मोटारीला माणसांआधी मुंग्यांनी ओळखलं. कळे गावापर्यंत त्या डॅशबोर्डवर होत्या, पुढं त्यांची एक रांग अंबादासरावांच्या विजारीत शिरली.

"अकरानंतर वारा फिरेल," भैरवी म्हणाली. "सकाळी जमीन गार, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडं. तो मतलई. ऊन चढलं की उलटा. तो आपला." 'आपला' म्हणताना ती इतकी सहज हसली की अंबादासराव मुंग्यासुद्धा विसरले.

साळवणला चिमणाबाईंच्या हॉटेलात चहाला थांबले. हॉटेल म्हणजे पत्रा, दोन बाकडी आणि चिमणाबाई. बाहेर ट्रॉलीवाले उभे होते. त्यांनी मोटारीमागची चौकट बघितली. एकानं वाकून हुक हलवून बघितला.

"हुक तर आपलाच हाय की! कुठल्या कारखान्याला घालतासा ओ पावणं?"

"नाही, मी ऊस..."

"ह्यात कसलं अवजार हाय?" ताडपत्रीवर थाप मारत दुसऱ्यानं विचारलं. "पेरणीचं काय?"

"हो," अंबादासराव म्हणाले. "पेरणीचंच."

"दोन फणी का तीन फणी?"

तीन चाकं आठवून ते म्हणाले, "तीन."

"फेब्रुवारीत पेरणी?" चिमणाबाईंनी आतून विचारलं. "काय पेरतासा ओ ह्या दिसात?"

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. अंबादासराव चौतीस वर्षं पाणी सोडण्याच्या तारखा लिहीत आले होते. फेब्रुवारीत काय पेरतात हे त्यांना खरं म्हणजे ठाऊक असायला हवं होतं. त्या घटकेला एकाही पिकाचं नाव आठवेना.

"भुईमूग," शेजारून आवाज आला. भैरवीचा. कप बशीत ठेवत ती शांतपणे म्हणाली, "उन्हाळी भुईमूग. आमच्या ह्यांची थोडी जमीन आहे कोकणात. ह्यांना शेतीची फार हौस."

ट्रॉलीवाल्यांचं समाधान झालं. चिमणाबाईंनी जास्तीची भजी आणून ठेवली, शेतकऱ्याची म्हणून.

भैरवीनं आयुष्यात वर्गातल्या पोरांना खोटं बोलू दिलं नव्हतं. स्वतः बोलल्याचं अंबादासरावांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी हातातलं भजं परत बशीत ठेवलं.

पान ८

हे पान कोरं आहे. घाट उतरत होते.

(कोपऱ्यात पेन्सिलीनं एक बारीक नोंद आहे : 'ती रागावली नाही. रागावली असती तर बरं.')

पान ९

देवगडच्या अलीकडं एका लांब, रिकाम्या पुळणीवर ते पोचले तेव्हा अकरा वाजत होते. भैरवी उतरली. चपला हातात घेतल्या, गुळानं चिकट झालेले पाय ओल्या वाळूत ठेवले आणि समुद्राकडं तोंड करून उभी राहिली. मोजायला कुणी नव्हतं. तरी थोडा वेळ तिचे ओठ हलत होते.

मग वारा फिरला. तिनं ओढणीचं टोक धरून बघितलं आणि वर्गात म्हणायची तसं म्हणाली, "खारे वारे. सुरू."

निळी ताडपत्री अंबादासरावांनी सोडली. गाठी इतक्या आवळल्या होत्या की एक दातानं सोडवावी लागली.

पहिल्या खेपेला दोऱ्या गाडीला बांधून ठेवल्या होत्या, तो पतंग वर गेला आणि भैरवी बसायच्या आत रिकामी गाडी घेऊन सुरूच्या झाडांकडं निघाला. मागचा दांडा धरलेले अंबादासराव वीसेक पावलं गाडीबरोबर गेले, त्यातली शेवटची आठ पोटावर. दुसऱ्या खेपेला ते पतंगातच गुंडाळले गेले. जाळी सुकवणारे तिघं मच्छीमार हातातलं काम सोडून बसले. असा रविवार रोज येत नाही.

"पत्रात लिहिलंय," भैरवी धापा टाकत म्हणाली, "शिकेपर्यंत गाडी एखाद्या जड वस्तूला मागून बांधून ठेवावी. अजिबात न हलणाऱ्या."

दोघांनी एकदमच मोटारीकडं बघितलं.

मच्छीमारांनी हात लावला. पिन निघाली, ब्याऐंशी किलोची चौकट कण्हत वाळूत आली, पाण्याच्या बाजूला अर्धी पुरली. तिला दोर, दोराला गाडी, गाडीत भैरवी, भैरवीच्या हातात पतंग. पतंग वर गेला, दोर ताणला, गाडी थरथरली. चौकट हलली नाही. वीस टन धरलं होतं आकारामनं. अंबादासराव वरून चौकटीवर बसले, दणकट असलं तरी जरा आणखी दणकट म्हणून.

अर्धा तास भैरवी त्या दोराच्या टोकाशी पतंग डावीकडं नेत होती, उजवीकडं आणत होती. तिच्या कुडत्याचा घेर कमरेला खोचलेला होता आणि चष्म्याला दोरा बांधला होता. ओढणीचं निशाण तिनं गाडीच्या मागं लावलं होतं. ती त्या झोळीत पाय पसरून बसली होती, फोटोतल्या माणसासारखीच. फक्त खिदळत नव्हती. परीक्षेला बसली होती.

मच्छीमारांतला म्हातारा चौकटीभोवती एक फेरी मारून आला. पिवळी अक्षरं वाळूच्या वर होती. त्यानं ती वाचली, पतंगाकडं बघितलं, परत वाचली.

"शेतीचा अवजार असा काय ह्या?" त्यानं विचारलं. "वाळयेत काय पेरतलास?"

अंबादासरावांनी तोंड उघडलं. 'भुईमूग' तयार होता. बायकोनं स्वतः दिलेला होता, फुकट.

"अवजार न्हाय ओ!" ते उठून ओरडले. चौतीस वर्षांच्या खात्यातल्या मराठीखाली हेर्ले गावची जी मराठी गाडून ठेवलेली होती ती एकदम वर आली. "बायकू हाय माझी! भैरवी हेर्लेकर! एकतीस वर्सं भूगोल शिकवलाय तिनं! ह्यो वारा हाय न्हवं, ह्यो तिनं शिकवलाय! आता त्यात बसून जाणार हाय ती!"

म्हातारा दोन पावलं मागं सरला. "बरां, बरां. जाऊं दे," म्हणाला.

खारे वारे समुद्राकडून जमिनीकडं वाहतात. अंबादासराव पाण्याच्या बाजूला होते, भैरवी जमिनीच्या. म्हणजे त्यांचा शब्द न् शब्द वाऱ्यानं तिच्यापाशी पोचवला. नववी ब मधल्या मुलालाही हे सांगता आलं असतं. अंबादासरावांच्या ते नंतर लक्षात आलं.

ती वळली नाही, वळता येत नव्हतं. तिचे खांदे तेवढे हलले. मग ती ओरडली, "ऐकलं! आता सोडा!"

"पडशील!"

"अहो, सोडा की!"

त्यांनी गाठ सोडली.

गाडी निघाली. आधी एक थरकाप, मग वाळूवर सरसर आवाज, मग भैरवी सुरूच्या झाडांपुढून, होड्यांपुढून, उभ्या राहिलेल्या मच्छीमारांपुढून किनाऱ्याच्या कडेनं गेली. ओढणीचं टोक फडफडत होतं. अंबादासराव वाळूतून मागं धावत होते आणि जाता-जाता पुढच्या प्रत्येक माणसाला, कुत्र्यालासुद्धा, सांगत होते, "माझी बायको आहे ती! माझी बायको!"

तीनशे पावलांवर ती अलगद कुशीवर कलंडली, लाटेच्या फेसात. अंबादासराव पोचले तेव्हा ती चष्मा पुसत होती.

"लागलं?"

"नाही. परत."

पान १०

गुळाचे तीन रवे मच्छीमारांच्या घरी गेले. चौथा मुंग्यांनी सोडला नाही, म्हणून ठेवून घेतला. परतीच्या वाटेवर गाडीवर ताडपत्री नव्हती. तीन चाकं सगळ्या तालुक्याला दिसत आली.

साळवणला अंबादासराव तहान नसताना थांबले.

"झाली का पेरणी?" चिमणाबाईंनी विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. जोतीराम, आकाराम, भुईमूग, सगळं. चिमणाबाईंनी ऐकून घेतलं, उठून भैरवीपुढं दुसरा चहा ठेवला आणि अंबादासरावांकडं बघितलं.

"मग सकाळी त्यवढं सांगायला काय जीभ झडली व्हती?" म्हणाल्या. "भजी परत द्या."

पान १

सोमवारी सापडलं. मोटारीच्या कप्प्यात, नकाशाच्या पुस्तकात, साळवणच्या पानावर घडी घालून ठेवलेलं. म्हणजे भैरवीनं ते आधीच वाचलं होतं. भुईमुगाच्याही आधी.

अंबादासराव टेबलाशी बसले. सातव्या रकान्यात 'शेतीविषयक' लिहिलेलं होतं. नियमाप्रमाणे खाडाखोड करू नये, केल्यास त्यावर सही करावी. त्यांनी एका रेघेत ते खोडलं, सही केली, तारीख घातली. साडेतीनचा चहा घेऊन आलेली भैरवी खांद्यावरून वाचत उभी राहिली. त्यांनी हातानं झाकलं नाही.

'प्रयोजन : पत्नीस समुद्रावर नेणे. बाब तातडीची असून एकतीस वर्षे प्रलंबित आहे.'